ओट्यावरची शाळा

अहमदाबादच्या 'सेप्ट' विद्यापीठातली, वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी १९६० च्या दशकात उभारलेली वास्तुकला विद्यालयाची इमारत अनुभवायची, तर आपण आधी तिच्या पायऱ्यांवर टेकावे. वर्गापर्यंत पोहोचवून मोकळ्या होणाऱ्या पायऱ्या या नव्हेत. चढायला लागते त्याहून त्या कितीतरी ऐसपैस आहेत. कुणी तिथे पाय पसरून रेखाटन करतो, कुणी प्रतिकृती मांडून वाद घालतो, आणि ऐकणारे चार जण जमले की तिथेच वर्ग भरतो.

हे औदार्य आले आहे जुन्या अहमदाबादच्या पोळांतून, म्हणजे तिथल्या दाटीवाटीच्या मोहल्ल्यांतून. अरुंद गल्लीत घरापुढचा ओटा ना पुरता घराचा, ना पुरता रस्त्याचा. सकाळी त्यावर भाजी निवडली जाते, दुपारी सावलीला म्हातारी माणसे विसावतात, संध्याकाळी मुले खेळतात, आणि एवढ्या संसाराला सामावूनही तो कुणा एकाच्या मालकीचा होत नाही. पुण्यात एकत्र कुटुंबात वाढलेल्या दोशींना अशा सामायिक जागांची ओढ असावी, हे किती स्वाभाविक!

मात्र पोळांतले नक्षीदार लाकूडकाम त्यांनी उचलले नाही, आणि इथेच त्यांची रसिकता मला सर्वांत मोठी वाटते. सामग्री साधीच: विटांच्या समांतर भिंती आणि उघडे काँक्रीट. त्या भिंतींमधून वारा आरपार वाहता ठेवला, खालचा बराचसा भाग मोकळा सोडला आणि वरच्या स्टुडिओंत तिरप्या छतांतून उत्तरेचा उजेड घेतला. अहमदाबादचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला या उजेडाचे मोल सांगायला नको. चित्रफलकावर ना कवडसा पडतो, ना झळ पोहोचते, दिवसभर तो सौम्य, समंजस प्रकाश रेषेच्या सोबतीला असतो. खालच्या सावलीला तर कुठलेच काम नेमून दिलेले नाही, म्हणूनच प्रदर्शन, व्याख्यान, गप्पा, सारे तिला चालते.

वाढत्या कुटुंबासाठी पोळातले घर मागेपुढे सरकत जाते, तसा हा परिसरही वाढला. १९६२ मध्ये सुरू झालेल्या वास्तुकला विद्यालयाशेजारी १९७२ मध्ये नियोजनाचे विद्यालय आले, पुढे आणखी शाखा आल्या. अलीकडे वास्तुकार राहुल मेहरोत्रांनी इथे ग्रंथालय बांधले तेव्हा त्याचे बरेच मजले जमिनीखाली नेले. थोरल्या इमारतींच्या पंक्तीत ते अदबीने बसले, आणि त्याच्याही पायऱ्यांवर आता मुले पुस्तके उघडून बसतात.