उत्तर जुळले, म्हणून क्वेरी सारख्या?

एब्राहम सिल्बरशाट्झ, हेन्री कोर्थ आणि मुंबईच्या आय.आय.टी.तील एस. सुदर्शन यांच्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाची सातवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. तिचे सोळावे प्रकरण क्वेरी ऑप्टिमायझेशनवर, म्हणजे तेच उत्तर कमी खर्चात कसे मिळवावे यावर आहे. शिकवणाऱ्याला ते कितपत उपयोगी पडते, ते पाहू.

मूळ कल्पना साधी आहे. समजा, कर्जत व खालापूर तालुक्यांतील २०,००० विद्यार्थ्यांचा एक तक्ता आहे आणि ३०० शाळांचा दुसरा. फक्त खोपोलीच्या शाळांतील विद्यार्थी हवे आहेत. दोन्ही तक्ते आधी जोडले, तर २०,००० ओळी तयार होतात आणि त्यांतील बहुतेक लगेच टाकून द्याव्या लागतात. आधी खोपोलीच्या शाळा निवडून मग जोडणी केली, तर तेवढेच विद्यार्थी हाती येतात. उत्तर एकच, श्रम कमी. आधी निवड करणे बहुधा स्वस्त पडते, पण नेहमीच नाही, हेही लेखक बजावतात. ही या प्रकरणाची जमेची बाजू होय.

दोन क्वेरी समतुल्य केव्हा? नियमांत बसणाऱ्या कोणत्याही माहितीवर त्यांचे उत्तर तेच येते तेव्हा. ही व्याख्याही पुस्तकात नेमकी आहे. मात्र ‘कोणत्याही’ या शब्दाचे वजन वाचकाला जाणवत नाही. समतुल्यतेचे नियम क्रमाने येतात, अधूनमधून इशारेही आहेत. पण प्रत्यक्ष तक्ते मांडून समतुल्यता मोडून दाखवण्याचे काम स्वाध्यायांवर सोडले आहे.

त्यांपैकीच एक स्वाध्याय आपल्या वर्गात आणू. नोंदवहीत दोन ओळी आहेत: सुनीता, नेरळ आणि सुनीता, खोपोली. सहलीला गेलेल्यांच्या यादीत एकच ओळ: सुनीता, खोपोली. सहलीला कोण गेले नाही? पूर्ण ओळी वजा करून मग नाव घेतले, तर ‘सुनीता’ मिळते. दोन्हीकडून आधी फक्त नावे घेऊन वजाबाकी केली, तर काहीच उरत नाही. नेरळची सुनीता यादीतून गळते. प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात एकाच नावाच्या दोन मुली नसतील, तर दोन्ही क्वेरींचे उत्तर जुळेल आणि चुकीच्या क्वेरीलाही पूर्ण गुण पडतील.

ही अडचण केवळ शाळेची नाही. निवड, जोडणी व रकाने गाळणे एवढ्याच क्रिया असल्या, तर समतुल्यता तपासता येते, हे अशोक चंद्रा आणि फिलिप मर्लिन यांनी १९७७ मध्ये दाखवले. तरीही ते काम अवघडच आहे. वजाबाकीसह सर्व क्रियांना मुभा दिली, की प्रत्येक जोडीचा निकाल लावणारी रीत असूच शकत नाही. म्हणूनच ऑप्टिमायझर सिद्ध झालेल्या नियमांवर चालतो, नमुन्याच्या उत्तरांवर नाही.

सुदर्शन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच ‘एक्सडेटा’ ही पद्धत मांडली. बरोबर क्वेरीत किंचित बदल करून चुकीच्या क्वेरी बनवायच्या आणि दोघींचा फरक उघड करणारे छोटे तक्ते संगणकाकडून तयार करवायचे, अशी ती पद्धत. ही दृष्टी प्रकरणाच्या आरंभीच हवी होती.

शिक्षकांनी हे प्रकरण जरूर वापरावे, पण स्वाध्यायांपासून सुरुवात करावी. ‘या दोन क्वेरींची उत्तरे वेगळी येतील असा तीन ओळींचा तक्ता लिहा’ हा प्रश्न संगणकाविना, फळ्यावरही सोडवता येतो.