विषय की कर्ता?

व्हिक्टोरियन कवी विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) समाजवादी होता. पण त्याच्या घरची संपत्ती डेव्हनच्या तांब्याच्या खाणीतली, आणि त्याचे गालिचे गेले श्रीमंतांच्याच दिवाणखान्यांत. चित्रपट, मिरवणूक, भित्तिचित्र अशी अनेक माध्यमे हाताळणारा इंग्रज कलावंत जेरेमी डेलर याच मॉरिसपासून प्रेरणा घेतो. २०१३ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्याने धनिकाची नौका भिरकावणारा महाकाय मॉरिस भिंतीवर रंगवून घेतला. हा रोष खरा, पण तो अभिजनांच्याच दालनात राहिला. २००१ सालच्या ‘ऑर्ग्रीव्ह’चे मोल निराळे. १९८४ साली ऑर्ग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या होत्या. तो संघर्ष डेलरने त्याच गावी पुन्हा उभा केला, आणि त्यात माजी खाणकामगार स्वतः उतरले. श्रमिकाला कलेचा विषय करणे सोपे असते. त्याला कर्ता करणे मॉरिसला साधले नाही. डेलरला येथे साधले. बांधिलकीची कसोटी हीच.