रक्ताला 'रंग' म्हणणारी भाषा

इंग्रजी शिकारकथेत मेलेलं हरीण उघडल्यावर 'लाइट्स' हा शब्द आला, तर त्याचा उजेडाशी काही संबंध नसतो. ती फुप्फुसं असतात. बाकीच्या अवयवांपेक्षा वजनाला हलकी, म्हणून लाइट्स. स्लोव्हाक शिकाऱ्यांच्या बोलीतही नेमका असाच शब्द आहे, 'स्वेत्ला'. त्याचा शब्दशः अर्थ दिवे, आणि शिकाऱ्याच्या तोंडी तो येतो हरणाच्या डोळ्यांसाठी. म्हणजे अनुवादक जरा गाफील राहिला, की इंग्रजी शिकारी कुत्र्यांना फुप्फुसं टाकतो आणि स्लोव्हाक पानावर तोच माणूस डोळे काढून टाकत बसतो.

मी काही वर्षं स्लोव्हाक शिकतेय. ही भाषा लहान आहे, बोलणारे जेमतेम पन्नास लाखांच्या आसपास, त्यामुळे इंग्रजीतली शिकार तिकडे नेताना शब्द कमी पडत असतील असं मला आधी वाटायचं. खरी अडचण उलटी आहे. तिथे शब्द जास्तच आहेत.

प्राण्याला स्लोव्हाकमध्ये 'ज्व्येरा' म्हणतात. पण शिकारीचा प्राणी 'ज्वेर' होतो, आणि तो एकदा ज्वेर झाला की त्याच्या अंगाची सगळी नावं बदलतात. कान 'स्लेखी' होतात, ऐकण्यावरून. पाय 'बेही' होतात, धावण्यावरून. डोळे म्हणजे दिवे, हे वर आलंच. रक्ताला 'फर्बा' म्हणतात, म्हणजे रंग. आणि गोळी लागून जनावर मेलं, तर ते मेलं असं म्हणत नाहीत. ते विझलं, 'ज्हसोल'. डोळे दिवे असतील तर मरण विझणंच असणार, हिशेब अगदी चोख आहे! यातलं बरंच काही जर्मन शिकाऱ्यांच्या बोलीच्या वळणावर गेलेलं आहे. जर्मनमध्येही हरणाचे डोळे दिवेच असतात. स्लोव्हाकिया 1918 पर्यंत हाब्सबर्ग राज्यात होता, हे इथे लक्षात ठेवायचं.

ही बोली संग्रहालयातली नाही. स्लोव्हाकियात शिकारीसाठी 2009 चा स्वतंत्र कायदा आहे, परवान्याआधी परीक्षा द्यावी लागते, आणि नवशिक्या माणूस शब्दांवरून लगेच ओळखू येतो. हरणाच्या 'रक्ता'बद्दल बोललात की तुम्ही शहरातले.

आपल्याला हे फार परकं वाटायचं कारण नाही. मराठीत बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. ज्या गोष्टीची भीती वाटते किंवा लाज वाटते, तिला बाजूने हात लावायचा. फरक इतकाच, की आपली आजी हे एकेका शब्दापुरतं करते आणि स्लोव्हाक शिकाऱ्याने प्राण्याचं अख्खं शरीर असं बाजूने बोलायला घेतलंय.

मग अनुवादकाने काय करायचं? पहिला धक्का तर 'हंटिंग' या शब्दालाच बसतो. अमेरिकन माणूस बंदूक घेऊन गेला की ते हंटिंग. जुन्या ब्रिटिश वळणाने मात्र बंदूक घेऊन जाणं हे शूटिंग. हंटिंग म्हणजे घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा सोडून कोल्ह्याचा पाठलाग. (इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने त्यावर बंदी आली.) सिगफ्रिड ससूनचं 'मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन' हे 1928 चं पुस्तक याच घोडेवाल्या जगातलं. स्लोव्हाकमध्ये शिकाऱ्याला सरळ 'पोल्योव्हनीक' म्हणतात. हा शब्द शीर्षकात घातला की ससूनच्या नायकाच्या हातात आपोआप बंदूक येते. आणि त्या समाजात कोल्ह्याला गोळी घालणं म्हणजे तोंड लपवायची पाळी! 'श्त्वानित्सा' हा कुत्र्यांनी केलेल्या पाठलागाचा शब्द आहे, पण त्यात छळाची छटा येते, आणि ससूनचा तरुण नायक स्वतःला छळ करणारा समजत नाही. माझं मत विचाराल तर शीर्षकात घोडा हवा, शिकारी नसला तरी चालेल.

शेक्सपिअरच्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये मारलेलं हरीण नक्की कितव्या वर्षाचं यावर वाद रंगतो. पंतोजी लॅटिन झाडतो आणि हवालदाराला ते लॅटिन म्हणजे कुठल्या तरी हरणीचं नाव वाटतं. दुसऱ्या वर्षाच्या, साध्या शिंगांच्या नरासाठी स्लोव्हाककडे 'श्पिच्याक' तयार आहे. पारिभाषिक शब्द मिळाला, विनोद गेला, कारण विनोद शिंगात नव्हता, कानात होता. असो, तो सगळ्याच भाषांमध्ये जातो.

मला खरं अडायला झालं ते फॉकनरपाशी. 'गो डाउन, मोझेस' हे त्याचं 1942 चं पुस्तक. त्यातल्या 'द ओल्ड पीपल' या कथेत बारा वर्षांचा आयझॅक पहिलं हरीण मारतो आणि सॅम फादर्स हा म्हातारा त्या गरम रक्तात हात बुडवून मुलाच्या तोंडाला फासतो. सॅम हा चिकसॉ सरदाराचा आणि गुलाम बाईचा मुलगा. लगेच पुढची कथा 'द बेअर'. तिच्यात हाच आयझॅक घरातल्या जुन्या हिशेबाच्या वह्या वाचतो. आजोबांना गुलाम बाईपासून मुलगी झाली आणि पुढे त्या मुलीपासूनही मूल झालं, हे त्याला तिथे कळतं. एकविसाव्या वर्षी तो वारसा नाकारतो.

या दोन कथांना बांधून ठेवणारा शब्द एकच, ब्लड. हरणाचं रक्त, सॅमचं मिश्र रक्त, आजोबांचं रक्त. आता शिकारीचा प्रसंग आहे म्हणून स्लोव्हाक अनुवादकाने परंपरेप्रमाणे 'फर्बा' लिहिलं, की ही दोरी तुटते. जंगलात रंग आणि वह्यांमध्ये रक्त, अशी दोन वेगळी पुस्तकं होतात. त्याहून वाईट म्हणजे फर्बा हा रोजच्या वापरातला रंगही आहे, कातडीचा रंगसुद्धा त्याच शब्दाने सांगतात. गोऱ्या मुलाच्या तोंडाला सॅम फादर्स 'रंग' फासतो असं वाक्य या पुस्तकात वाचायला कसं वाटेल, विचार करून पाहा. फॉकनरने न लिहिलेला, कोणालाही नको असलेला श्लेष!

शिवाय स्लोव्हाक शिकाऱ्याकडे रक्ताचा स्वतःचा विधी आहे. झाडाची छोटी डहाळी तोडून जनावराच्या रक्ताला लावतात आणि ती शिकाऱ्याच्या टोपीत खोचली जाते. डहाळीचं नाव 'जालोमोक'. विधी नेटका आहे, रक्त टोपीपर्यंतच पोचतं. सॅम फादर्सचे हात सरळ तोंडापर्यंत येतात. फर्बा म्हटलं की स्लोव्हाक वाचकाला ती नेटकी डहाळी आठवणार.

पण सगळीकडे 'कर्व', म्हणजे साधं रक्त, लिहून सुटकाही होत नाही. (हा शब्द आपल्या क्रव्याद, म्हणजे कच्चं मांस खाणारा, यातल्या 'क्रव्य'चा लांबचा नातेवाईक.) कर्व हा शिकारीत अडाण्याचा शब्द, आणि फॉकनरचा निवेदक अडाणी नाही. त्याला जंगल तळहातासारखं माहीत आहे. त्याच्या तोंडी पुस्तकभर शहरी शब्द घातले, तर तो गाडीतून जंगल बघायला आलेला पाहुणा वाटेल.

म्हणून मी अर्धवट वाटेल असा मार्ग धरीन. पाय बेही असू देत, कान स्लेखी असू देत, माग काढण्याचे, दबा धरण्याचे सगळे शब्द शिकाऱ्यांचेच असू देत. ज्या स्लोव्हाक वाचकाने ती परीक्षा दिली आहे, त्याला पहिल्या पाच पानांतच कळू दे की हा माणूस आपल्यातला आहे. आणि सॅम फादर्सचे हात वर येतील तिथे कर्व. हरीणही तिथे विझू नये, मरावं. वह्या उघडतील तेव्हा पुन्हा कर्व, तेच अक्षर, तोच कठोर उच्चार. संपादक पेन्सिलीने समासात 'फर्बा?' लिहून पाठवील, आणि त्याचं प्रश्नचिन्ह व्याकरणाच्या हिशेबाने बरोबरच असेल.