निष्कलंक डॅनियल

केन लोच यांनी दिग्दर्शित केलेला 'आय, डॅनियल ब्लेक' हा चित्रपट २०१६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला. आम्ही तो दोनदा पाहिला. प्रथम डोळे पाणावले. दुसऱ्या खेपेस मनात एक शंका उभी राहिली, ती येथे मांडतो.

कथा इंग्लंडमधील न्यूकॅसल शहरातली. डॅनियल हा ५९ वर्षांचा विधुर सुतार. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी त्याला काम करण्यास मनाई केली आहे. परंतु सरकारी तपासणीत तो कामास योग्य ठरतो व त्याचा आजारपणाचा भत्ता बंद होतो. आरंभी पडदा काळाच असतो, नुसते आवाज ऐकू येतात. टोपी घालण्याइतका हात वर जातो का, अशी विचारपूस चालते आणि डॅनियल परोपरीने सांगत राहतो की, दुखणे हृदयाचे आहे. पॉल लॅव्हर्टी यांच्या पटकथेची सारी ताकद या काळोखात आहे. पुढे बेकारीचा भत्ता हवा म्हणून त्याने आठवड्याला ३५ तास नोकरी शोधायची आणि ती मिळालीच तर प्रकृतीपायी नाकारायची! लंडनहून आलेली केटी, दोन लेकरांची आई, चुकीच्या बसमध्ये चढल्याने कचेरीत उशिरा पोहोचते आणि तिचेही पैसे रोखले जातात. गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या केंद्रात ती भुकेने कासावीस होऊन तेथेच डबा उघडून खाऊ लागते. त्या प्रसंगाविषयी अधिक लिहिणे आम्हांस जमणार नाही.

आता शंका. डॅनियल आजारी पत्नीची सेवा केलेला, कष्टाळू, केटीच्या मुलांना जीव लावणारा. प्रेक्षक हळहळतो, 'अशा भल्या माणसावर अन्याय!' म्हणजे चाळणीची भोके चुकली एवढेच त्याला वाटते. चाळणीच नको, असे वाटत नाही. १९४२ च्या अहवालात विल्यम बेव्हरिज यांनी सुचविले ते असे की, ज्याने वर्गणी भरली त्याला उत्पन्नाची चौकशी न करता, हक्काने मिळावे. १९४८ साली सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्य सेवा त्याच्याही पुढे गेली; तेथे वर्गणीचीही अट नाही. डॅनियलच्या हृदयावर उपचार झाले ते याच सेवेत. तो आळशी, भांडखोर असता तरी झालेच असते. एकाच राज्याची ही दोन दारे, आणि चित्रपट पहिल्याकडे केवळ ओझरते पाहतो. (२०१२ च्या कायद्याने आलेल्या भत्त्याचे नाव 'युनिव्हर्सल क्रेडिट', पण तो उत्पन्न तपासूनच मिळतो. नावे ठेवणाऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे.)

श्रीमंतासही का द्यावे, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याकडून ते करातून परत घेता येते. गरिबाची दारात झालेली मानहानी कोणत्या करातून परत करणार?

संगणकापुढे गोंधळलेल्या डॅनियलला ॲन नावाची कर्मचारी मदत करते, तर वरिष्ठ तिला बाजूला घेऊन समज देतात. हा प्रसंग फार लवकर संपतो. लोच यांनी तिच्यापाशी आणखी थोडे थांबायला हवे होते.