न सांगितलेली भाषा

गुऱ्हाळघरातल्या शब्दांचा माझा छोटा संग्रह तीन वर्षांपूर्वी छापून आला. काहील, चुलवाण, ढेप असे, करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गुऱ्हाळांवर बसून टिपलेले शब्द. पहिली प्रत एका वृद्ध गुळव्यांच्या हाती दिली. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, "ह्यो 'ल' हिंदीच्या पुस्तकातला का ओ घातला?" पाहतो तर दोनशेच्या दोनशे प्रतींत पाकळीच्या 'ल'ऐवजी हिंदी वळणाचा 'ल' आणि देठाच्या 'श'ऐवजी हिंदी 'श'. माझ्या संगणकावर तर सगळं बरोबर दिसत होतं.

पुस्तकाची मांडणी मी झीटेकमध्ये केली होती. यात मजकूर आणि सूचना साध्या फाइलींत लिहायच्या आणि संगणकाने त्यांतून छापायोग्य पानं तयार करायची. या क्रियेला सॉफ्टवेअरवाले 'बिल्ड' म्हणतात. 'या फाँटची भाषा मराठी' ही सूचना मी पुस्तकाच्या फाइलींत न लिहिता माझ्या खासगी फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइलीत लिहून ठेवली होती. ती दर वेळी गुपचूप वाचली जायची. कापखुणांसाठी शेवटचं बिल्ड छापखान्यातल्या संगणकावर झालं. तिथे ती फाइल नव्हती, म्हणून डीफॉल्ट लागू झालं. चूक छापखान्याची नव्हे, माझी.

पण डीफॉल्ट म्हणजे काय, हेही तपासायला हवं. युनिकोडमध्ये 'ल'ला एकच क्रमांक आहे. त्याचं वळण फाँट ठरवतो. ओपनटाइप फाँटमध्ये भाषेनुसार वळण बदलण्याची सोय असते. भाषा सांगितलीच नाही, तर अनेक देवनागरी फाँट हिंदी वळण देतात. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' प्रमाण ठरवला. मात्र शासन निर्णय फाँटच्या पोटात आपोआप उतरत नाही. आपण गप्प बसलो, तर ते गप्प बसणं हिंदी म्हणून वाचलं जातं. 'लोहित देवनागरी'च्या जोडीला 'लोहित मराठी' हा वेगळा फाँट आहे. वापरणाऱ्याची सोय त्याने होते, पण 'देवनागरी' हे सर्वांचं नाव एका वळणाकडे जातं आणि मराठी अपवाद ठरते.

वापरणाऱ्याचा शब्द वरचढ की प्रकल्पाचा, हा वाद बिल्ड प्रणालींत जुनाच आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये 'मेक' लिहिलं. त्यात प्रकल्पाच्या फाइलीत दिलेली किंमत वापरणाऱ्याच्या वातावरणातल्या किमतीवर मात करते. आज्ञा देताना उघडपणे लिहिलेली किंमत मात्र दोन्हींवर मात करते. 'ग्रेडल'मध्ये उलट आहे: वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरमधली सेटिंग प्रकल्पातल्या सेटिंगला मागे सारते.

मला दोन्ही रचना आपापल्या जागी योग्य वाटतात. संगणकाची स्मृती किती वापरायची, पासवर्ड काय, हे ज्याचं त्याने ठरवावं. ते प्रकल्पात नसलेलंच बरं. पण वाचकाच्या हाती पडणारी वस्तू ज्याने बदलते, ते कुणाच्याही घरच्या फोल्डरमध्ये राहता कामा नये. 'मेक'चा क्रम मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो: बदल करायचा तर उघड बोलून करा. घरची सेटिंग गुपचूप लागू होते. तिने बिघडलेलं काम घरी दिसत नाही, आणि सुधारलेलं काम बाहेर टिकत नाही. माझ्या बाबतीत दुसरं घडलं.

मराठीच्या चळवळीत डीफॉल्ट बदलून मागण्यावर भर असतो. मागणी रास्त आहे. पण ती पुरी झाली तरी हिंदी मजकूर मराठी वळणात छापला जाईल आणि अन्याय फक्त दिशा बदलेल. मजकूर कोणत्या भाषेत आहे हे मजकुरासोबतच लिहिणं, हा पक्का उपाय. आपण लेखक, संपादक तेवढंही करत नाही. मराठी आहे हे दिसतंच की, असं आपल्याला वाटतं. यंत्राला फक्त देवनागरी दिसते.

दुसऱ्या आवृत्तीत ती सूचना पुस्तकाच्या पहिल्याच फाइलीत आहे, शीर्षकाच्याही आधी. छापायला देण्यापूर्वी माझी सेटिंगची फाइल बाजूला ठेवून मी सगळं पुस्तक पुन्हा बिल्ड केलं. मग 'काहील'चं पान काढलं आणि 'ल'ची पाकळी पाहून घेतली.