आमच्या कवितेतला सूर्य आणि आईचं ऊन

मागल्या महिन्यात आपल्या कविता-वाचनात अकरा कविता झाल्या. नऊ कवितांत अंधार होता आणि शेवटी सूर्य उगवला. त्यातली एक माझी. घरी येऊन ती आईला वाचून दाखवली. आई वीस वर्षं ऊसतोडीला गेलेली. ऐकून म्हणाली, "उन्हानं आमचं कातडं सोललं, अन् तू त्याला ओवाळायलास व्हय?"

तवापासून ही जोडी मला टोचते आहे. अंधार म्हणजे गुलामी, सूर्य म्हणजे बाबासाहेब. हा अर्थ खोटा नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी लेखणी धरली त्यांनी तो भोगून कमावला. आपण तो आयता उचलतो आणि रबरी शिक्क्यासारखा मारत सुटतो.

थोरल्यांकडं बघा. वामन निंबाळकरांच्या संग्रहाचं नावच 'गावकुसाबाहेरील कविता' (१९७३). आत आणि बाहेर. ही जोडी कुठल्या पुराणातली नाही, तो घराचा पत्ता आहे. दया पवारांचा 'कोंडवाडा' (१९७४) घ्या. कोंडवाडा जनावरांचा, आत माणूस. आणि ढसाळांच्या 'गोलपिठा'मधली (१९७२) रात्र ही वस्ती आहे. तिथं धंदा चालतो, भूक लागते, माणसं मरतात. सूर्य त्यांच्याकडंही आहे, पण अगोदर त्या रात्रीतून जावं लागतं, म्हणून तो पटतो.

तिकडं इराकात बसऱ्याजवळच्या जैकूर गावी जन्मलेला अरबी कवी बद्र शाकिर अल-सय्याब (१९२६-१९६४). त्याच्या पावसाच्या गाण्याविषयी वाचलं अन् हललोच. दुष्काळ-पाऊस, मरण-पुनर्जन्म या जोड्या त्याच्या पिढीतल्या काही कवींनी तम्मूझ या जुन्या देवाच्या कथेतून घेतल्या. पण सय्याबचा पाऊस जगवणारा आहे आणि तोच रडणंही आहे. पाऊस पडतो, पीक येतं, तरी भूक हटत नाही, कारण खाणारे दुसरेच. एकाच शब्दाच्या पोटात दोन्ही.

बीडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. पाऊस झाला तरी दिवाळीच्या आगंमागं आपली माणसं कोयता घेऊन दुसऱ्याच्या उसात जातात. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, एक हत्यार! हातात पडलेली उचल हा आधार आणि तेच गळ्यातलं दावं. रात्री-अपरात्री अंधारात गाडी भरणाऱ्या बाईला आपण अंधाराचा काय अर्थ सांगणार?

मी जिनिंगात कामाला आहे. तिथं सरकी एकीकडं पडते, रुई एकीकडं. कवितेत तसं होत नाही.

एक दोस्त रागावला. म्हणाला, सूर्य काढलास तर कवितेतून बाबासाहेब जातील. मी म्हणालो, २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावरही डोक्यावर सूर्य होताच की. बाबासाहेबांनी हात घातला तो पाण्यात.

कविता परत लिहायला घेतली आहे. सूर्य खोडला, ऊन ठेवलं. कोपीपुढचा रिकामा हंडा अजून नीट जमत नाही.