पितृवंशाचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा : ‘आर१ए’विषयक लेखनाचा परामर्श

वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते आणि त्याच्या बहुतांश भागात सरमिसळ होत नाही. म्हणून त्यातील उत्परिवर्तनांवरून पितृवंशाचा मागोवा घेता येतो. युरेशियात दूरवर पसरलेल्या ‘आर१ए’ या पितृवंशाविषयी भारतात विपुल लेखन झाले आहे. त्यातील अनुमानपद्धतीची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शर्मा व सहकाऱ्यांच्या २००९ च्या शोधनिबंधाने या वंशाचा उगम भारतात मानला आणि शीर्षकातच त्याचा संबंध ब्राह्मणांच्या व जातिव्यवस्थेच्या एतद्देशीय उगमाशी जोडला. त्यास आधार होता तो हयात पुरुषांमधील जनुकीय विविधतेचा. परंतु जेथे आज विविधता अधिक तेथेच उगम, हे गृहीतक स्थलांतरांपुढे टिकत नाही. अंडरहिल व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या वंशाच्या प्रमुख शाखेचा विस्तार सुमारे ५,८०० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे दाखविले. नरसिंहन व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींच्या डीएनएच्या आधारे, इ.स.पू. २००० ते १५०० या काळात स्टेप प्रदेशातील लोकांचा वंशांश दक्षिण आशियात आला, असा निष्कर्ष काढला. एतद्देशीय उगमाचे मत त्यामुळे दुर्बल झाले.

तथापि, विरुद्ध पक्षाची घाईही तितकीच सदोष आहे. ‘आर१ए’ म्हणजे ‘आर्य’ हे समीकरण मान्य होण्याजोगे नाही. गुणसूत्रावर भाषा कोरलेली नसते. नरसिंहन यांच्याच अभ्यासात स्वात खोऱ्यातील लोहयुगीन अवशेषांत स्टेप वंशांश आढळतो, पण हा पितृवंश मोजक्याच पुरुषांत दिसतो. म्हणजे तेथे तो अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला. केवळ पुरुष आक्रमकांचे चित्र येथे अपुरे पडते.

राखीगढीच्या बाबतीत हा विवेक अधिकच आवश्यक आहे. वसंत शिंदे व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अभ्यासलेल्या अवशेषांत स्टेप वंशांश आढळला नाही, ही नोंद महत्त्वाची आहे. परंतु ते अवशेष एकाच स्त्रीचे आहेत. स्त्रीच्या ठायी वाय गुणसूत्र नसल्याने सिंधू संस्कृतीतील पितृवंशांविषयी हा पुरावा मूक आहे, याचा विसर दोन्ही बाजूंच्या चर्चेत पडतो.

दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात पूर्वजांची १,०२४ स्थाने येतात. वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाचेच असते. उरलेल्या १,०२३ जणांना, त्यांतील सर्व स्त्रियांना वगळून जातीचा अभिमान वा परकेपणाचा आरोप उभारणे शास्त्रास धरून नाही. पितृवंश हा इतिहासाचा एक साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश करू नये.